जुना रॅचेट रिंग पाना: ओळखायचा कसा, जिवंत करायचा कसा, वापरायचा कुठे

जुन्या हत्यारांच्या पेटीत तळाशी हमखास एखादा चपटा पाना निघतो. दोन्ही टोकांना रिंग, मधे सरळ पट्टी, कडेला रिव्हेट. रिंगच्या आतला भाग एका बाजूला टकटक करत फिरतो आणि दुसऱ्या बाजूला गच्च धरतो. निदान तसं व्हायला हवं. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल आत सुकलेलं असेल तर तो फिरतही नाही, वाजतही नाही, आणि नवख्या माणसाला तो साधाच, जरा बेढब रिंग पाना वाटतो.

माझ्याकडे असे पाच पाने एकाच गाठोड्यात आले. त्यातला एक मी साफ करताना मारला. दुसऱ्याचं एक टोक पाईप लावून मोडलं. तिसरा अगदी धडधाकट होता, पण एका बोल्टवर असा अडकून बसला की माझा अर्धा दिवस गेला. हे तिन्ही प्रकार टाळता आले असते, म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा पाना फेरे मारण्यासाठी आहे, ताकद लावण्यासाठी नाही. बोल्ट एकदा सैल झाला की तो भराभर बाहेर काढायचा, नट हाताने लागला की तो भराभर खाली न्यायचा, इतकंच त्याचं काम. ते तो फार छान करतो.

## १. आपल्या हातात नेमकं काय आहे ते ओळखा

आत तीन भाग असतात: बाहेरून दाते असलेला गिअर, त्या दात्यांत अडकणारा खटका (कारखान्यात त्याला पॉल म्हणतात) आणि खटक्याला मागून रेटणारी छोटी स्प्रिंग. गिअरच्या आतल्या बाजूला नट धरणारे कोपरे असतात. जुन्या पान्यांत बहुधा बारा कोपरे असतात, क्वचित सहा.

जुन्या पान्यांचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे दोन पट्ट्यांमधे गिअर आणि खटका ठेवून कडेने रिव्हेट ठोकलेला. सँडविचसारखाच. दिशा बदलायची कळ शोधत बसू नका, बहुतेकांना ती नसते. पाना उलटा केला की दिशा बदलते. काही प्रकारांत डोक्याजवळ छोटी कळ असते; ती सोय चांगली, पण आत एक भाग जास्त, म्हणजे बिघडायला एक जागा जास्त.

कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जे. जे. रिचर्डसन यांनी १८६३ मध्ये रॅचेट पान्याचं पेटंट घेतलं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १८६९ साली सुरू झालेली लॉवेल ही कंपनी तर रॅचेट पान्यांसाठीच ओळखली जाते. पुढे क्राफ्ट्समन, स्नॅप-ऑन वगैरे मोठ्या नावांनी हे चपटे रिंग पाने काढले. १९९० च्या दशकात गिअररेंच या ब्रँडने ७२ दात्यांचा, अखंड घडीव दांड्याचा पाना आणला आणि रॅचेट पाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच येऊ लागला.

दाते मोजणं सोपं आहे. गिअरवर खडूने एक खूण करा, एक पूर्ण फेरा हळू फिरवा आणि किती वेळा टक वाजतं ते मोजा. ३६० ला त्या आकड्याने भागलं की एका टप्प्याला पाना किती अंश हलवावा लागतो ते कळतं. २४ दाते असतील तर १५ अंश, ७२ असतील तर ५. यात एक गोम आहे: काही पान्यांत दोन खटके आळीपाळीने पडतात, तिथे आवाज दात्यांच्या दुप्पट होतात. तरी तुमच्या कामाचा आकडा आवाजांचाच.

अंश कागदावर राहू देऊ नका, सेंटिमीटरमध्ये बघा. २० सेंटिमीटर लांबीचा पाना १५ अंश फिरवायचा तर टोक साधारण ५ सेंटिमीटर हलतं. ५ अंशाला पावणेदोन. बारा कोपऱ्यांचा साधा रिंग पाना मात्र दर वेळी ३० अंश, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर फिरवून, काढून, परत बसवावा लागतो. जुना पाना नव्यासारखा बारीक टप्प्याचा नाही हे खरं, पण साध्या पान्याच्या निम्म्या जागेत चालतो आणि नटावरून उचलावा लागत नाही.

## २. बसण्याआधी हे जवळ घ्या

- व्हर्नियर कॅलिपर, साधा चालेल
- व्हाइस, आणि पान्याच्या मापाचा एक चांगला, न झिजलेला बोल्ट
- रॉकेल, झाकणाचा उथळ डबा, जुना टूथब्रश
- शिलाई मशीनचं किंवा तसंच पातळ तेल
- रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा
- त्याच मापाचा साधा रिंग पाना (हा का, ते सातव्या पायरीत येईल)
- खडू आणि लाल ऑइल पेंटची छोटी डबी

## ३. मापाची खात्री करा

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पाना चालतो, दणकट आहे, आणि पहिल्याच दिवशी बोल्टचे कोपरे गोल करून ठेवतो, कारण माप जवळपासचं असतं, नेमकं नसतं.

जुने पाने बरेचदा इंचात असतात. ज्यांना सुताचा हिशोब येतो त्यांना सोपं आहे: ३/४ म्हणजे सहा सूत, ७/१६ म्हणजे साडेतीन. बाकीच्यांनी ही यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी.

- ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. ८ च्या डोक्याला चालतो.
- ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी. १० वर जात नाही, ९ वर खेळतो. इंची बोल्टलाच वापरा.
- ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिमी. ११ ला छान बसतो.
- १/२ इंच म्हणजे १२.७० मिमी. १३ वर जात नाही आणि १२ वर इतका सैल पडतो की कोपरे खातो.
- ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी. १४ वर बसतो, पण थोडा ढिला. हलक्या कामालाच.
- ५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी. १६ वर कधी जातो, कधी नाही. ठोकून बसवू नका.
- ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिमी. १७ वर ढिला.
- ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी. १९ ला चपखल. जुन्या पेटीतला हा सगळ्यात कामाचा पाना.

पान्यावर W, BS किंवा BSW अशी अक्षरं असतील तर वरची यादी विसरा. ही जुनी ब्रिटिश मापांची व्हिटवर्थ पद्धत. इथे पान्यावरचा आकडा जबड्याचं माप सांगत नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. १/४ W असा शिक्का असलेल्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात १३.३ मिमी असतं. हे माहीत नसलं की माणूस आकडा बघतो, पाना बघतो, परत आकडा बघतो आणि आपले डोळे चोळतो. मीही चोळले. त्यात भर म्हणजे १९४१ मध्ये, युद्धकाळात पोलाद वाचवण्यासाठी, ब्रिटनमध्ये व्हिटवर्थ बोल्टची डोकी एक माप लहान केली गेली. त्यामुळे जुन्या आणि त्यानंतरच्या बोल्टला एकाच नावाचा पाना लागेलच असं नाही. शिक्क्याच्या नादी न लागता व्हर्नियर लावा. फायद्याची एक गंमतही आहे: ३/८ W चं तोंड १८.०३ मिमी भरतं, म्हणजे १८ च्या डोक्यावर तो घरच्यासारखा बसतो.

मोजताना समोरासमोरच्या कोपऱ्यांत मोजू नका, सपाट बाजूंमधलं अंतर हवं. बारा कोपऱ्यांत ते धरता येत नसेल तर सरळ चांगला बोल्ट घालून बघा. बोल्ट आत सहज जावा आणि घातल्यावर हाताने हलवला तर जेमतेम हलावा.

## ४. धुण्याआधी तपासा

आधी साफ करून मग तपासण्याचा मोह होतो. पण धुतल्यावर चकाकणारा पाना चांगलाच दिसतो, आणि तपासणी ढिली पडते.

पट्ट्या कडेने बघा. मधे फुगवटा, चीर, रिव्हेटभोवती काळी-तांबडी रेघ किंवा बोटाने हलणारा रिव्हेट दिसला, तर त्या टोकावर जोर कधीच लावायचा नाही. मग गिअर अंगठ्याने बाजूला ढकलून पाहा. थोडी हालचाल सगळ्याच जुन्या पान्यांत असते. पण गिअर तिरका होऊन पट्टीला घासत असेल तर आतली बैठक झिजली आहे.

आवाज ऐका. स्वच्छ पान्याचा टक कोरडा आणि एकसारखा असतो. भदभद आवाज म्हणजे आत चिखल आहे, तो निघतो. फेऱ्यात एकाच ठिकाणी आवाज गायब होत असेल तर तिथला दाता गेलाय. त्याला इलाज नाही.

आता भाराची चाचणी, आणि ही टाळू नका. व्हाइसमध्ये बोल्ट डोकं वर ठेवून पकडा, पाना बसवा, टोकाला एका हाताने हळूहळू ओढा. एक ओढ झाली की एक टक मागे घ्या आणि परत ओढा. असं पूर्ण फेराभर. २४ दाते असतील तर २४ वेळा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तुटका दाता चोविसातल्या एकाच जागी दगा देतो, आणि तो बरोबर तुमची बोटं लोखंडाजवळ असतानाच देतो. ओढताना तोंड पान्याच्या रेषेत ठेवू नका, आणि हात सुटला तर मागे कशावर आपटेल ते आधी बघून घ्या.

ही चाचणी पास न होणारं टोक धुण्यात वेळ घालवू नका. आठव्या पायरीवर जा.

## ५. सफाई

माझा पहिला पाना इथे गेला. गंज काढायला व्हिनेगर उत्तम, असं सगळीकडे ऐकलं होतं, आणि अखंड लोखंडाच्या वस्तूला ते खरंही आहे. मी रिव्हेटचा पाना रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला. सकाळी बाहेरून तो इतका सुंदर झाला होता की मी तो घरातल्यांना दाखवत फिरलो. पाण्याने धुतला, पुसला, ठेवला. चार दिवसांनी रिव्हेटच्या कडेने नारिंगी पाणी ओघळलेलं दिसलं आणि खटका आतल्या आत जाम झालेला. दोन पट्ट्यांच्या फटीत आम्ल राहिलं होतं. ते तिथून ना धुतलं गेलं, ना सुकलं. बारीक स्प्रिंगचं तर आम्ल आधी खोबरं करतं. धुण्याचा सोडा आणि विजेचा प्रवाह वापरून गंज काढतात ती पद्धतही इथे कामाची नाही. ती समोर दिसणाऱ्या पृष्ठभागावर चालते, फटीच्या आत पोहोचत नाही.

रिव्हेटच्या पान्याला तेलाच्याच मार्गाने जायचं:

१. पाना उथळ डब्यात रॉकेलमध्ये बुडवून झाकण लावा, रात्रभर ठेवा. जवळ आग, ठिणगी, गरम काहीही नको.

२. दुसऱ्या दिवशी, बुडलेला असतानाच, गिअरमध्ये बोल्ट घालून हाताने मागे-पुढे हलवा. जाम असेल तर हातोडा नको. थोडं हलवा, थांबा, परत हलवा. पहिल्यांदा हलतो तेव्हा आतून चहाच्या गाळासारखा काळा गाळ बाहेर येतो. तो आला की पाना वाचला म्हणून समजा.

३. टूथब्रशने फटी घासा, रॉकेल बदला, पुन्हा फिरवा. रॉकेल स्वच्छ राहीपर्यंत हे चालू द्या. माझ्या सगळ्यात वाईट पान्याला चार वेळा लागलं.

४. रॉकेलने हलत नसेल तर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून फटीत थेंब सोडा. दोन्ही एकजीव होत नाहीत, दर वेळी बाटली हलवून घ्या. ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते, म्हणून हे उघड्या हवेतच.

५. रॉकेल पूर्ण निथळू द्या, कापडाने पुसा. हवेचा दाब असेल तर फटीतून मारा, चष्मा लावूनच.

६. प्रत्येक टोकाला पातळ तेलाचे दोन-तीन थेंब. फिरवून आत जाऊ द्या, जास्तीचं पुसा.

ग्रीस भरू नका. प्रत्येक जण आधी ग्रीसच भरतो, कारण भरल्यावर पाना मऊ, महागड्या हत्यारासारखा फिरतो. पण घट्ट ग्रीसमध्ये खटका वेळेवर खाली पडत नाही, विशेषतः थंडीत. तो अर्धवट दातावर टेकतो, तुम्ही ओढता, आणि तो घसरतो. शिवाय ग्रीस धूळ धरतं.

तापवूनही सोडवू नका. घासलेल्या पोलादावर सोनेरी पिवळा रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. रंग चढेपर्यंत तापवलं म्हणजे त्या भागाचं पाणी उतरायला लागलं, आणि स्प्रिंग तर कधीच मऊ झाली.

आणखी एक इशारा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बऱ्याच हत्यारांवर क्रोमऐवजी कॅडमियमचा मुलामा असे. तो मंद, राखाडी-पिवळसर दिसतो. कॅडमियमची धूळ विषारी असते. असा संशय आला तर वायर ब्रश, कानस, पॉलिश पेपर, काही लावू नका. हातमोजे घालून रॉकेलच्या ओल्या कापडाने पुसा आणि तेवढ्यावर थांबा. क्रोमचा मुलामा सुटून पापुद्रे उभे राहिले असतील तर ते ब्लेडसारखे कापतात. तेवढी कड सांभाळून घासून घ्या.

## ६. कुठे वापरायचा

लांब स्टडवरचे (डोकं नसलेल्या, आटे असलेल्या दांड्यावरचे) नट हे त्याचं माहेर. यू-बोल्ट, पाईपचे क्लॅम्प, आटे पाडलेल्या लांब सळ्या: सॉकेट अशा ठिकाणी दोन वळणांत सळीला टेकतो आणि संपतो, रिंग मात्र आरपार मोकळी असल्यामुळे सळी तिच्यातून वर निघत राहते. नट दहा सेंटिमीटर खाली न्यायचा असो की तीस, त्याला फरक पडत नाही.

दुसरी जागा म्हणजे जिथे वरून जागा कमी आहे. सॉकेट आणि त्यावर रॅचेटचं डोकं यांची मिळून उंची भरपूर होते. चपटा पाना तिथे आडवा सरकतो. मात्र या पान्याला बाजूने जागा जास्त लागते, कारण गिअर आणि खटका सामावण्यासाठी डोकं रुंद असतं. नट भिंतीला चिकटून असेल तर साधा रिंग पानाच बरा.

बरेचसे जुने पाने अगदी सपाट असतात, टोकाला उठाव नसतो. नट खोलगट जागेत असेल तर पट्टी आणि बोटं पृष्ठभागाला घासतात. बोटांची साल जाते ती इथेच.

धुळीत, बांधकामाच्या मातीत मी हल्ली मुद्दाम जुनाच पाना नेतो. मोठे दाते थोडी घाण सहन करतात. बारीक दात्यांचा नवा पाना अशा जागी लगेच कुरकुरायला लागतो.

## ७. वापरताना

पहिला हिसका साध्या रिंग पान्याने द्या. आवळलेला, गंजलेला बोल्ट सोडवायला तोच बरा, त्या पान्याच्या डोक्यात हलणारा एकही भाग नसतो. बोल्ट पाव फेरा हलला की रॅचेट लावा. आवळताना उलट क्रम: आधी हाताने दोन-तीन आटे धरवा, मग रॅचेटने खाली न्या, शेवटचा आवळ साध्या पान्याने किंवा टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते मोजणारा पाना).

याचा आकड्यांतला हिशोब असा. २० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा ओढा दिला तर सुमारे ४० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) होतात. ८.८ या ताकदीच्या दर्जाच्या एम-८ (दांडा ८ मिमी जाड) बोल्टला साधारण २५ लागतात, एम-१० ला ५० च्या आसपास, एम-१२ ला ८५ च्या आसपास. म्हणजे एम-१२ आवळायला बसलात की हात आपोआप पाईपकडे जातो, आणि तो सगळा जोर शेवटी नखाएवढ्या खटक्यावर येतो. माझं टोक असंच मोडलं. आवाज अगदीच किरकोळ झाला, मनगट मात्र आठवडाभर दुखलं.

लावण्याआधी पाना हवेत फिरवून दिशा बघा. दोन्ही टोकं एकाच बाजूने आवळतात असं धरून चालू नका. काहींत एक टोक उलटं असतं. ज्या बाजूने आवळतो त्या बाजूला मी रंगाचा ठिपका दिला आहे. ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट आणि सायकलचं डावं पेडल यांचे आटे उलटे असतात, तिथे ठिपका विसरायचा.

नट अगदी सैल असेल तर पाना मागे नेताना तोही मागे फिरतो, कारण खटक्याची स्प्रिंग नटाच्या घर्षणापेक्षा जोरदार ठरते. पाना बिघडलेला नाही. नटाला वरून एक बोट लावून धरा, किंवा अजून दोन आटे हातानेच फिरवा.

आता तो अर्धा दिवस खाणारा सापळा. एका पंपाच्या ब्रॅकेटचा बोल्ट काढत होतो. बोल्टच्या डोक्यासमोर थोड्या अंतरावर चौकटीची पट्टी होती. पाना आत सरकला, बोल्ट सैल झाला, मी मजेत टकटक करत राहिलो. बोल्ट बाहेर येत गेला, डोकं पट्टीच्या जवळ सरकत गेलं, आणि एका क्षणी लक्षात आलं की पाना आता डोक्यावरून उचलायला जागाच उरलेली नाही. बोल्ट परत आत घ्यायचा तर दिशा बदलायला हवी. दिशा बदलायची तर पाना काढून उलटा करायला हवा. आणि पाना तर निघत नाही. मीच विणलेल्या जाळ्यात मी.

साध्या षटकोनी डोक्याचा बोल्ट असता तर सुटका होती. अशा वेळी रिंग डोक्यावरून खाली, दांड्यावर सरकवायची, मोकळ्या झालेल्या डोक्यावर बाजूने उघड्या तोंडाचा पाना लावायचा, बोल्ट थोडा आत घ्यायचा आणि जागा झाली की रिंग वर उचलून काढायची. माझ्या बोल्टच्या डोक्याखाली मात्र चकतीसारखी कड होती. रिंग वरही जाईना, खालीही सरकेना. शेवटी समोरची पट्टीच सोडवावी लागली, आणि तिच्यासाठी आणखी सहा बोल्ट.

म्हणून डोक्यासमोर काहीही आडवं असेल तर आधी मोजा. डोक्यावरची मोकळी जागा उणे पान्याची जाडी, इतकाच बोल्ट या पान्याने बाहेर काढायचा. समजा जागा २२ मिमी आणि पाना १२ मिमी जाड, तर हद्द १० मिमी. एम-८ चा नेहमीचा आटा १.२५ मिमीचा, म्हणजे आठ फेरे. मी सहाव्या फेऱ्याला थांबतो, पाना काढतो आणि पुढचं बोटांनी करतो.

बाकीचं थोडक्यात. शक्यतो आपल्याकडे ओढा, ढकलू नका. ढकलणं भागच असेल तर तळहात उघडा ठेवा. पान्यावर हातोडा नाही. इम्पॅक्ट रेंचच्या (झटके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राच्या) जवळपासही नाही. आणि उघड्या लोखंडाचा पाना चालू विजेच्या जोडणीवर कधीच नाही, बॅटरीचं टर्मिनलसुद्धा दुसरं टोक कुठे टेकतंय ते बघूनच.

## ८. ठेवणं, आणि एक टोक गेलेल्या पान्याचं काय

काम झालं की पुसा, महिन्या-दोन महिन्यांनी थेंबभर तेल द्या. ओलसर जागेत इतर लोखंडाखाली दाबून ठेवू नका. पट्ट्यांच्या फटीत ओल शिरली की पुन्हा पाचव्या पायरीपासून सुरुवात.

रिव्हेट काढून आतला भाग बदलायची खुमखुमी येते. एकदा मीही विचार केला होता. तेवढ्याच कडकपणाचा खटका हाताने घडवणं, नेमक्या ताणाची स्प्रिंग बसवणं आणि पट्ट्या परत तितक्याच घट्ट रिव्हेट करणं, हे ज्याला जमतं त्याला या लेखाची गरज नाही. डोक्याला वेल्डिंग करून गिअर कायमचा पक्का करणारेही भेटतील. त्या उष्णतेने कडक केलेलं पोलाद कुठे मऊ, कुठे ठिसूळ होतं, तेव्हा त्यावर जोर देण्यात अर्थ नाही.

पण टोक गेलं म्हणून पाना फेकू नका. दोन्ही टोकांची यंत्रणा वेगवेगळी असते. मेलेल्या टोकाला लाल ऑइल पेंट लावा, रिंगच्या आतपर्यंत, म्हणजे घाईत किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती चुकून वापरलं जाणार नाही. माझ्या मोडलेल्या पान्याचं ९/१६ चं टोक लाल आहे. १/२ चं अजून टकटक करतं.